काकण सुटलं नाही

मुलाच्या लग्नाचा मांडव अजून उतरवला नव्हता. मी अंगणात मोठं पातेलं घासत होते. सिरदार आला, फाटकाशी उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, सूनबाईला सलामाला कधी आणताय?"

"काकण सुटू दे," मी म्हणाले.

"ते कधी सुटेल?"

"सुटेल तेव्हा सुटेल. घाई कसली, भाऊजी? साहेब उपाशी बसलाय का?"

तो हसला नाही. मांडवाच्या केळीकडे एकदा बघून तो गेला. मी पातेलं घासत राहिले, पण ते कधीच स्वच्छ झालं होतं.

सिरदार म्हणजे उसातल्या टोळीवरचा मुकादम. हा माझ्या नवऱ्याचा चुलत भाऊ, आमच्याच रक्ताचा. त्याचा बापही सिरदार होता. आमच्या बेटावर लाँग माउंटनच्या बाजूला, चारी बाजूंनी ऊस, मध्ये साखर इस्टेटीचा कँप, आणि त्या कँपात आमची घरं. काळ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा. देशाचा झेंडा बदलून पाच-सहा वर्षं झाली होती. देश आपला झाला असं रेडिओ रोज सांगत होता. घर मात्र इस्टेटीचं होतं. ज्या घरातले हात इस्टेटीत राबतात त्या घराला पत्रा, नळ, आणि गाईसाठी बांधावरचं गवत. हात कमी पडले की घर दुसऱ्याला. हे कुठे लिहिलेलं मी पाहिलं नाही. सगळ्यांना पाठ होतं.

आमच्या घरातून नवरा आणि मी, असे दोघं उसात जात होतो. मुलगा बसच्या गॅरेजात लागला होता. तेव्हाच सिरदाराचं तोंड वाकडं झालं होतं. "पोरगा निसटला," तो नवऱ्याला म्हणाला होता, "सून तरी आण." आता सून आली होती.

कँपातली रीत अशी. नवी सून आली की तिला फळांचं ताट देऊन ग्रान काजवर न्यायचं. ग्रान काज म्हणजे मॅनेजरचा मोठा बंगला. पुढून नाही, मागच्या पायऱ्यांशी उभं राहायचं. साहेब बाहेर यायचा, कुणाची सून ते सिरदार सांगायचा, साहेब मान हलवायचा, सून वाकायची. याला सलाम म्हणत. बायकांना तो मान वाटे. माझ्या सुनेला साहेबानं पाहिलं, असं नळावर सांगत फिरत.

मला कुणी शिकवायची गरज नव्हती तो मान कसला ते. माझ्या लग्नात मला नेलं तेव्हा या सिरदाराचा बाप पुढे होता. साहेब म्हणाला, हात दाखव. मी पदराखालून हात काढले. त्यानं तळवे बघितले, उलटे करायला लावले, परत तळवे बघितले. बैल घेताना दात बघतात तसं. मग सिरदाराला काही बोलला. दुसऱ्या पहाटे भोंगा झाला तेव्हा मी खुरपणीच्या टोळीत होते. शाळेत सहावीपर्यंत गेले होते, आमच्या लोकांच्या संध्याकाळच्या बैठकीत मराठी अक्षरं शिकले होते, त्याच हातात खुरपं दिलं. अंगाची हळद उतरली नव्हती. मनगटावरचं काकण उसाच्या पात्यांनी कापलं गेलं. कुठे पडलं मी बघितलं नाही, वाट्याची ओळ पुरी करायची होती.

तेव्हा सलाम म्हणजे हजेरी. ताट आपलं, केळी आपली, आणि हजेरी त्यांची.

तिकडे तुमच्या देशात, जिथून आमचे आजे-पणजे आले, काकण आता किती पाळतात मला ठाऊक नाही. आमच्याकडे हळकुंड पिवळ्या दोऱ्यात गुंफून नवरा-नवरीच्या मनगटाला बांधतात. सून माप ओलांडून घरात आली की काकण सुटेपर्यंत तिनं कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. नवरा-नवरीनं एकमेकांचं एका हातानं सोडायचं. पूजा झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्या बायका जमून हसत-खिदळत ते करतात. मी पूजा केली, मुलाचं काकण सोडवलं, सुनेचं ठेवलं. विचारलं त्यांना सांगितलं की माझ्या माहेरी अशीच रीत आहे. माझं माहेर दुसऱ्या कँपात होतं आणि तिथली माणसं पांगली होती. खोटं ठरवायला कुणी येणार नव्हतं.

सून नुव्हेल फ्रांस गावची. तिच्या वडिलांची स्वतःची थोडी जमीन होती, कोबी आणि बटाटे करत. डोंगराकडची थंडी खाल्लेली मुलगी, गालावर लाली, बोलणं कमी. मराठी समजायची सगळी, बोलताना अर्ध्या वाक्यात क्रिओलवर, बेटावरच्या बोलीवर, जायची. शहराच्या कडेला हाँगकाँगच्या मालकांचे स्वेटरचे कारखाने नुकते निघाले होते. लग्नाआधी ती मावशीकडे राहून तिथे जात होती. आता कारखान्याची व्हॅन आमच्या फाट्यावरून तिला घेणार होती. लग्नासाठी रजा मिळाली होती. रजा संपली त्या सकाळी मशीनवर नसली तर मशीन दुसरीला. दारात मुली उभ्याच असत.

मी तिला उसात जाऊ देणार नव्हते. एवढं एकच मी ठरवलं होतं. नंतर काय ते ठरवलं नव्हतं.

सिरदार रोज यायला लागला. कधी फाटकाशी, कधी शेतात माझ्या ओळीच्या टोकाला.

"सुटलं का?"

"नाही."

"वहिनी, ते काकण आहे की बेडी?"

"तुम्हालाच ठाऊक. बेड्या तुमच्या घरात जास्त बघितल्यात."

हे बोलायला नको होतं. त्याच्या बापाच्या कमरेला किल्ल्या असायच्या, तो मजुरांना कोंडतो असं कँपात लोक बोलत. त्याचा चेहरा तांबडा झाला. त्या दिवशी संध्याकाळी मी बांधावर गवत कापायला गेले तर पहारेकरी आडवा आला. म्हातारा क्रिओल माणूस, वर्षानुवर्षं ओळखीचा. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, तुमच्या घराला गवत बंद झालंय. मी विचारलं, कुणी सांगितलं? तो म्हणाला, मला विचारू नका, माझंही घर कँपातच आहे. मी विळा कमरेला खोचला आणि रिकामी परत आले. गाय रात्रभर हंबरत होती. कँपात भिंतीला भिंत लागून, सगळ्यांनी ऐकलं.

नळावर शेजारणीनं विचारलं, "काय गं, सुनेचं काकण लोखंडाचं बांधलंस का?"

"थोडं उरलंय," मी म्हणाले, "तुझ्या जिभेला बांधायचं का?"

बायका हसल्या. पण माझी कळशी भरेपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही. मी गेले की बोलायला लागल्या ते पाठीला ऐकू येत होतं. त्यांच्या सुना सलामाला गेल्या होत्या. माझी नाही गेली तर त्यांच्या सुनांचं जाणं काय ठरत होतं? ते मला समजत होतं. म्हणून त्यांचा राग आला नाही.

मग नवऱ्याला दगडांच्या टोळीत टाकलं. इतकी वर्षं तो लॉरीवर ऊस रचायचा, त्याला मान होता. आता शेतातले काळे दगड उचलून ढिगावर टाकायचे. ते काम तरण्या पोरांचं. तो घरी आला, पायरीवर बसला, आणि हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत राहिला.

माझा नवरा भित्रा होता असं नाही. वादळात पत्रा उडाला तेव्हा वर चढून अंगानं दाबून धरलेला माणूस तो. पण बंगल्याचं फाटक आलं की सायकलवरून उतरायचा. साहेब बाहेर असो, नसो. साहेब समुद्रावर गेलेला असला, बंगल्याला कुलूप असलं तरी उतरायचा, फाटक ओलांडेपर्यंत सायकल हातात धरून चालायचा, मग परत चढायचा. त्याच्या बापालाही असंच उतरताना मी बघितलं होतं.

तो म्हणाला, "घर कुणाचं आहे?"

"इस्टेटीचं."

"माझी आई या घरात मेली."

"मग? मरायला बंगल्याची परवानगी घेतली होती का तिनं?"

त्यानं ताट सरकवलं आणि उठला. सून चुलीपाशी होती. मनगटावरचा दोरा बाहीखाली लपवायची तिला सवय लागली होती. मुलगा खाली मान घालून जेवत राहिला. तो बापापुढे बोलायचा नाही, आणि माझ्यापुढे त्याला बोलायची वेळ यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सून माझ्याबरोबर तांदूळ निवडायला बसली. निवडता निवडता म्हणाली, "आई, आज माझी रजा संपते."

"माहीत आहे."

"काकण सोडलं तर उसात. नाही सोडलं तर घरात. कारखाना दोन्हीकडून गेला."

सिरदाराला अडवायला म्हणून जी दोरी मी धरली होती तिचं दुसरं टोक या पोरीच्या गळ्यात होतं. तिनं ते न रडता सांगितलं.

"हे घालूनच गेले तर?"

"काकण बांधलेली नवरी कामाला? लोक काय म्हणतील?"

"लोक माझं मशीन चालवायला येणारेत का?"

मी तिच्याकडे बघितलं. अशी बोलते हे मला माहीत नव्हतं. नको म्हणायला तोंड उघडलं आणि दुसरंच निघालं. "बाही खाली ओढून घे. आणि बंगल्यावरून जाताना मान खाली घालू नको."

"बंगल्यावरूनच जायला लागतं का?"

"फाट्याला दुसरा रस्ता नाही."

दुसऱ्या पहाटे ती गेली. मी टोळीत निघायच्या आधी फाटकाशी उभी राहून बघितलं. दंव होतं, ऊस दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर. ती मधून चालत गेली. बंगल्याच्या वळणावर सिरदार सायकल धरून उभा होता. ती थांबली नाही. पण त्यानं हात बघितला. इतक्या लांबून मला दिसलं की बघितला.

दुपारी भाकरी सोडायच्या वेळेला तो आमच्या टोळीत आला. सगळ्या बायका बांधावर बसल्या होत्या. त्याला तेच पाहिजे होतं.

"वहिनी, एक सांगा. काकण हाँगकाँगवाल्याच्या कारखान्यात चालतं, आणि बंगल्यावर चालत नाही?"

एक बाई हसली, मग सगळ्या हसल्या. तोंडाला पदर लावून, पोट धरून. माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं असं कँपात म्हणत. त्या दुपारी मी भाकरी परत फडक्यात बांधली.

"आज संध्याकाळी सलाम," तो म्हणाला, हळू, फक्त मला ऐकू जाईल असं. "नाहीतर घर मोकळं करा. दादाला मी सांगितलंय."

घरी आले तर नवरा तयार होता. लग्नातला पांढरा सदरा, केसांना तेल. पितळेच्या ताटात केळी, अननस, नारळ आणि लग्नातले उरलेले लाडू. ते ताट माझ्या सासूचं. सून व्हॅनमधून उतरून आली तेव्हा उजेड जायला आला होता. तिच्या कपड्यांना लोकरीची कुसं लागली होती.

मुलगा पहिल्यांदा बोलला. "ती येणार नाही."

नवऱ्यानं हात उचलला. पंचवीस वर्षांच्या मुलावर. तो हात हवेतच राहिला, कारण सून म्हणाली, "बाबा, चला. मी येते."

"तू कशाला?" मी म्हणाले.

"ज्याच्यासाठी एवढं चाललंय तो बघू तरी कसा आहे."

तिनं कपडे बदलले नाहीत, तोंड धुतलं नाही. नवऱ्यानं ताट तिच्या हातात दिलं. मी बोलावल्याशिवाय त्यांच्या मागे निघाले. बंगल्याचं फाटक आलं. नवऱ्याजवळ सायकल नव्हती, तो चालतच होता, तरी त्याची चाल बदलली.

मागच्या पायऱ्यांशी सिरदार आधीच उभा होता, टोपी हातात घेऊन. स्वयंपाकीण खिडकीतून बघून आत गेली. दोन मोठे कुत्रे होते. आत फ्रेंच गाणं चाललं होतं. आम्ही उभे राहिलो. ते गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. सुनेच्या हातातलं ताट जड होतं, मी धरू का असं मी डोळ्यांनी विचारलं, तिनं नको म्हटलं.

साहेब आला. माझा साहेब कधीच मेला होता, त्याच्या नंतरचाही गेला होता. हा नवा, तरणा, बाहेर शिकून आलेला. आखूड चड्डी, पायात सपाता. आम्हाला बघून त्याला आश्चर्य वाटलं.

"की झोत पे रोदे?" त्यानं क्रिओलमध्ये विचारलं. काय पाहिजे तुम्हाला?

नवरा वाकला. "सलाम, मिस्ये. माझी सून."

साहेबानं सिरदाराकडे बघितलं. "लग्न झालं? छान. मग? पत्रा फुटलाय?"

सिरदार बोलायला लागला. जुनी रीत, मिस्ये, कँपातली नवी सून, मान, पूर्वीपासून. त्याचं फ्रेंच आणि क्रिओल एकमेकांत अडकत होतं. साहेब हसला. वाईट नाही हसला, लहान मुलाला हसतात तसा हसला. "ते माझ्या आधीच्या लोकांचं असेल. मला कुणी सांगितलं नाही. असलं काही नको करत जाऊ." ताटाचं काय करायचं ते त्याला कळेना. शेवटी पायरीकडे बोट केलं. सुनेनं ताट पायरीवर ठेवलं. एक कुत्रा आला आणि लाडू हुंगायला लागला. माझा नवरा बघत राहिला. हाकलावं कसं? कुत्रा साहेबाचा होता.

मला वाटलं, संपलं. इतक्या दिवसांचं गवत, दगड, नळावरचं बोलणं, सगळं संपलं, आणि ते कशासाठी होतं तेही कळलं. कशासाठीच नव्हतं.

साहेब आत वळला आणि त्याला सुनेचा हात दिसला. दोरा, हळद, हळकुंड.

"हाताला काय झालंय?"

"काही नाही," सून म्हणाली.

"मग काम करू शकते?" हे त्यानं तिला विचारलं नाही, सिरदाराला विचारलं. "खत टाकायला बायका कमी आहेत म्हणालास ना तू?"

"हो, मिस्ये."

"मी कारखान्यात काम करते," सून म्हणाली. तिनं ते फ्रेंचमध्ये म्हटलं, शाळेत शिकवतात तसल्या फ्रेंचमध्ये.

साहेबानं खांदे उडवले. "घरांचं सिरदार बघतो," म्हणाला आणि आत गेला. दार जाळीचं होतं, ते आपोआप बंद झालं.

परत येताना उसाच्या रस्त्यावर मी सिरदाराला गाठलं. नवरा आणि सून पुढे होते, मी मुद्दाम मोठ्यानं बोलले.

"भाऊजी, म्हणजे सलाम त्याला नको होता. तुम्हाला हवा होता."

तो थांबला. मला वाटलं चिडेल. चिडला नाही. "वहिनी, त्याला सलाम नको, त्याला हात पाहिजेत. हात मला द्यायचेत. माझ्या बापानं ते सलाम म्हणून मागितले, मीही तसेच मागितले. नुसते हात मागितले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं?"

"निदान कळलं असतं."

"कळून काय करणार होतात?" तो म्हणाला. "सोमवारी ती टोळीत. नाहीतर मी घर दुसऱ्याला लावतो. मी नाही लावलं तर माझ्या जागी कुणी येईल तो लावेल."

यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच तो मरेपर्यंत मी त्याला माफ केलं नाही. खोटं बोलला असता तर केलं असतं.

नवरा पुढे जाऊन उभा राहिला होता. "ताट राहिलं," तो म्हणाला. "आईचं."

"जाऊन आणा."

तो बंगल्याकडे बघत राहिला. मग घराकडे चालायला लागला. तो सुनेला टोळीत जायची जबरदस्ती करेल असं मला रविवार संध्याकाळपर्यंत वाटत होतं. त्या रात्री मी निजले नाही, चुलीपाशी बसून राहिले. त्यानं काही केलं नाही. सोमवारी भोंगा झाला, सून फाट्याकडे व्हॅनला गेली, आणि तो भिंतीवरच्या खुंटीवरून सदरे काढून बोचकं बांधायला लागला. मी भांडी आवरायला घेतली. असं का केलं ते त्यानं नंतर कधी सांगितलं नाही. मला वाटतं तो लाडू आणि कुत्रा त्याच्या डोळ्यांपुढून गेला नाही. पण हे मी म्हणते, तो नाही म्हणाला.

घर सोडलं त्या दिवशी बैलगाडीवर सामान, मागे गाय. नवरा गाडीवर पुढे बसला होता. बंगल्याचं फाटक आलं, तो खाली उतरला.

"आता कशाला उतरताय?" मी म्हणाले. "आता ते कोण आपले?"

"पायांना सवय आहे," तो म्हणाला, आणि फाटक संपेपर्यंत बैलांबरोबर चालत गेला.

कार्तिए मिलितेर गावी, बाजाराच्या मागे, एका भाजीवालीच्या आवारात पत्र्याच्या दोन खोल्या मिळाल्या. तिथे पाऊस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत. गाय विकली. नवरा भाजीच्या गाड्यांवर हमाली करायला लागला, मी भाजीवालीच्या वाफ्यात. पहिल्या रविवारी मी म्हटलं, चला, आता काकण सोडा.

हळद केव्हाच धुऊन गेली होती. दोरा काळा, गाठ दगडासारखी. मुलानं एका हातानं सोडायला घेतलं, रीतीप्रमाणे. पहिल्यांदा आम्ही हसलो. भाजीवालीही येऊन उभी राहिली. त्यानं नखं लावली, दातांनी ओढायला गेला तर मी ओरडले, दात नाहीत चालत. सुनेचं मनगट लाल झालं. मग कुणी हसेना. मी विळा आणला आणि गाठीखालून घातला. शास्त्रात बसत नाही. नसेल बसत. हळकुंड जमिनीवर पडलं, आणि दुसऱ्या दिवशी केरात गेलं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. पत्र्याच्या खोल्यांच्या जागी विटांची भिंत झाली, सिमेंटचं छप्पर झालं, ते बरंचसं सुनेच्या कमाईतून. सत्तर सालानंतरची ती वर्षं सरून ऐंशीची आली तेव्हा कारखाने शहरातून वर गावागावांत आले. एक कार्तिए मिलितेरलाही आला आणि सून तिथे गेली. आता ती एका लाईनची सुपरवायझर होती. चाळीसएक मुली तिच्या हाताखाली. दुपारी मी डबा घेऊन फाटकाशी जात असे. उन्हाळ्यात मोठं दार उघडं असे, आतलं दिसे.

एके दिवशी मालकाची गाडी आली. सून जाग्यावरून उठली आणि टाळी वाजवली. "दिबूत!" म्हणाली. उभ्या राहा. सगळ्या मुली मशीन थांबवून उभ्या राहिल्या, हात पुढे बांधून, जशा शाळेत राहतात. मालक बोलत बोलत आतून निघून गेला. त्यानं बघितलंही नाही.

मग ती एका नव्या मुलीपाशी गेली. आमच्यातली, नुकतं लग्न झालेली, मनगटावर काकण. पिवळं, ताजं. सुनेनं तिला काही सांगितलं. मुलीनं मान हलवली. सुनेनं गळ्यात अडकवलेली दोरा कापायची छोटी कात्री घेतली आणि काकण कापलं. हळकुंड मुलीच्या हातात दिलं आणि पुढच्या मशीनकडे गेली. मुलगी ते ठेवायला जागा शोधत होती. कपड्यांना खिसा नव्हता.

संध्याकाळी सून तांदूळ धूत होती तेव्हा मी विचारलं. मला पोटात ठेवता येत नाही.

"त्या पोरीला दोन दिवस घरी नाही ठेवता आलं?"

"कोण ठेवणार? तिची सासू तुमच्यासारखी नाही, आई. तिनंच पाठवली."

"ती काकण घालून कामाला आली. तूही गेली होतीस."

"मी गेले तेव्हा मशीन हळू होतं. आता दोरा अडकला तर बोट जातं. माझ्या लाईनवर गेलंय एकीचं."

"बरं, ते खरं." मला ते पटलं. मी कामं केलीत, मला पटतं. "पण मालक आला की उभ्या राहा, हे कशाला? त्यानं सांगितलंय?"

तिनं पातेलं तिरकं करून पाणी ओतलं. तांदूळ हातानं अडवला.

"नाही," ती म्हणाली.

"मग कुणी?"

"कुणीच नाही."

पातेलं शेगडीवर ठेवून ती कपडे आत घ्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी डबा देऊन लगेच परतले नाही. फाटकाशी थांबले. गाडी आली. सुनेनं टाळी वाजवली नाही, तोंडातून शब्दही काढला नाही. मुली तिच्याकडे बघत बसून राहिल्या. गाडीचं दार वाजलं, मालक आत शिरला, आणि माझी सून एकटी उठून उभी राहिली.